नरसय्या मामांचा डावा पाय

नरसय्या मामांचा डावा पाय कधी स्वस्थ बसायचा नाही. ओट्यावर चहा पीत बसले तरी तो आपला खालीवर, खालीवर. कीर्तनाला बसले तरी तेच. शेजारचा माणूस वैतागून सरकून बसायचा. उभा जन्म हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून, मागाच्या पावड्या दाबत गेला होता, त्याला ते तरी काय करणार! पुढे माग चालेनासा झाला तेव्हा मामांनी तो मोडीत काढला, उतारवयात गाडी चालवायला शिकले आणि एक जुनी, छोटी गाडी घेतली. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत तेवढी एकच गाडी. कुणाची वरात असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, मामा हजर.

गाडीत त्या पायाला नवा माग मिळाला, क्लचचा. गिअर बदलून झाला की पाय उचलून बाजूला ठेवायचा, हे मामांना अखेरपर्यंत जमलं नाही. पाय सदा पेडलवर, अर्धवट दाबलेला. त्यामुळे क्लचप्लेट घासून जायची. प्लेट घासली की इंजिन नुसतं ओरडतं, करपल्याचा वास सुटतो आणि गाडी काही पुढे सरकत नाही. उस्मान मिस्त्री प्लेट बदलून द्यायचे आणि हात जोडायचे.

"मामा, पाँव हटाव ना उसपर से. पेडल हाय ते, माग न्हाय."

मामा हसायचे. "डोस्क्याला कळतंय की रे. पायाला कळत न्हाय. पाय थांबला की माग थांबला, हे ल्हानपणापासनं त्याला शिकवलंय. आता म्हातारपणी उलटं कसं शिकवू?"

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझी धाकटी बहीण विमल मंगळवेढ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिला आणायला मी मामांच्या गाडीतून निघालो. उस्मान मिस्त्रींनी आदल्याच दिवशी बजावलं होतं, प्लेट पार संपली आहे, नवी येईपर्यंत गाडी गावाबाहेर काढू नका. मामा म्हणाले, "अम्मा माहेरला आली की गाडी तुज्या दारात आणून लावतो." विमलला ते लाडानं अम्मा म्हणत. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून.

मंगळवेढ्याला पोचलो तर घरात रडारड. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण विमलला सकाळपासून रक्त जात होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, असेच सोलापूरला घेऊन जा, वाट बघत बसू नका. एसटी निघून गेलेली. समोर उभी होती ती मामांची गाडी. मागच्या सीटवर सासूच्या मांडीवर डोकं ठेवून विमलला निजवलं आणि आम्ही निघालो.

उन्हानं डांबर पातळ झालं होतं. थोडं अंतर गेल्यावर तो वास आला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. इंजिन ओरडत होतं आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती. मी म्हणालो, "मामा, पाय!" त्यांनी दचकून पाय काढला. थोड्या वेळानं पाहतो तर परत पेडलवर. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनाही ते कळलं नव्हतं.

वाटेत एका ओढ्यावर फरशीचा पूल होता. उतारानं गाडी पुलावर आली, पण पुढचा चढ तिला झेपेना. इंजिन नुसतं बोंबलत होतं. मागे विमल कण्हायचीही थांबली होती. मामा खाली उतरले, एकदा चढाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाळ, गाडी फिरव. उलटी चढवतो. रिव्हर्सला जोर जास्त असतोय."

दोघांनी ढकलून गाडी फिरवली. मामा आत बसले. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बुडाखाली घेतला, त्यावर चक्क बसले आणि क्लच दाबावाच लागू नये म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवूनच चालू केली. मी बॉनेटला छाती लावून ढकलत होतो. गाडी उलटी न्यायची म्हणजे मान मागे वळवावी लागते. मागे विमल होती. पुरा चढ संपेपर्यंत मामा तिच्या तोंडाकडं बघत होते आणि एकसारखं म्हणत होते, "अम्मा, डोळं मिटू नको. अम्मा, माज्याकडं बघ."

चढ चढलो. तिथून गाडी सरळ करून रांगत रांगत सोलापूरच्या दवाखान्यात पोचलो. विमल वाचली, बाळ गेलं. मुलगा होता. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सहज बोलल्यासारखं बोलल्या, "जरा आधी आणलं असतं तर..." मामा भिंतीशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं. त्या बाईंना काय ठाऊक, कुणाच्या कानावर काय पडलं ते!

मामांनी गाडी विकली. मामी दारात विड्या वळत बसायच्या, मामा शेजारी बसून पानं कापायचे. डावा पाय बुडाखाली दुमडलेला. जेवताना तसाच, झोपतानाही गुडघ्यातून मुडपलेला. मामी रडकुंडीला यायच्या. "पाय सोडा की जरा." मामा म्हणायचे, "हितंच बरा हाय तो." विमल माहेरी आली की ते उठून आत जायचे, ती परत जाईपर्यंत बाहेर येत नसत. विमलला पुढे मूल झालं नाही. ते गल्लीत कळलं, त्या दिवसापासून मामांचं बोलणंच आटलं. आमच्या घरात त्यांना कुणी शब्दानं बोललं नव्हतं. बोललो असतो तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

मग छातीचं दुखणं निघालं. मामा अंथरुणाला खिळले. विमलला कळवलं तशी ती आली आणि कुणाला न विचारता थेट आत गेली. मामांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. ती पायथ्याशी बसली. आखडलेला डावा पाय तिनं मांडीवर घेतला आणि तेल लावून हळूहळू चोळत सरळ करायला लागली.

"मामा, त्या चढावर तुमी माज्याकडं बघत होता म्हणून मी डोळं मिटलं न्हाईत. मिटले असते तर उघडले नसते. त्यानंतर एकदा तरी बघितलं का माज्याकडं? गेलेल्या बाळाचंच धरून बसलात. मी जगले की, मामा. मी हाय न्हवं?"

मामांनी मान वळवली, मोठ्या कष्टानं, त्या दिवशी वळवली होती तशीच. तिच्याकडं बघता बघता त्यांना रडू फुटलं. "अम्मा" एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात मामा गेले. आंघोळ घालताना मी त्यांच्या डाव्या पायाला हात लावला. तो सरळ होता.