आधी व्यायाम, मग लाथ

"मॅडम, तुमी फकस्त एक लाथ घाला. बाकीचं मी बघतो."

कडुबा मामा टेबलावर पालथे पडून, मान तिरकी करून मला सांगत होते. मी फिजिओथेरपिस्ट. संभाजीनगरात सिडकोतल्या एका हाडांच्या हॉस्पिटलात काम करते. पेशंट गोळी मागतात, इंजेक्शन मागतात, सर्टिफिकेट तर रोजच मागतात. लाथ मागणारा हा पहिलाच.

दोष अम्मीचा. ती पाचोडहून शहरात डोळे तपासायला आली होती आणि माझी वाट बघत बाहेर बाकावर बसली होती. दोन रिक्षावाल्यांनी उचलून आणलेले मामा तिनं पाहिले आणि तिचा जीव कळवळला. "भाऊ, काय काळजी करू नका. माझी नसरीन पायाळू हाय."

झालं! पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आलेलं मूल. अशा माणसानं उसण भरलेल्या कमरेला लाथ मारली की उसण पळते, असं आपल्याकडं मानतात. माझी मास्टर्सची डिग्री भिंतीवर फ्रेम करून लावलीय. मामांनी तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ते माझ्या चपला बघत होते.

"मामा, मी लाथबीथ मारणार नाही."

"डावी मारा नायतर उजवी मारा. आपली काय बी हरकत नाय."

मामांची काळी-पिवळी जीप आहे, खुलताबाद ते शहर. सकाळी स्टेपनी उचलायला वाकले, तसेच वळले आणि तिथंच अडकले. पण त्यांचं खरं दुखणं कंबर नव्हतं, मेव्हणा होता. जीप आता त्याच्याकडं, म्हणजे बाळूकडं होती.

"मॅडम, घाटात क्लचवर पाय ठिवून चालवतंय ते येडं. माझी गाडी मरतीय हो!" मामांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "आन् बायको म्हंती, आता तुमी आराम करा, गाडी बाळूच बघंल. कायमची!"

म्हणजे मामांना लवकरात लवकर स्टिअरिंगवर बसायचं होतं. नाहीतर जीप गेली सासरवाडीला.

मी तपासलं. पायात ताकद होती, बधिरपणा नव्हता, लघवी-संडासवर ताबा होता. यातलं काही बिघडलं असतं तर मी व्यायामाचं नावही न काढता त्यांना आधी आमच्या सर्जन सरांकडं पाठवलं असतं. उसण म्हणजे पाठीचे स्नायू एकदम आवळून बसतात. दुखतं असं की माणसाला आई आठवते, पण आत बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं. आणि औषध काय, तर हालचाल. गादीवर पडून राहिलं की कंबर आणखी धरते. हे मी मामांना सांगितलं, व्यायाम शिकवले आणि पाठवून दिलं.

पुढच्या खेपेला विचारलं, "केले का व्यायाम?"

"केले की!"

"दाखवा."

मामांनी दोन्ही हात असे हवेत फिरवले की क्रांती चौकातली ट्रॅफिक थांबली असती. कमरेचा त्यात काही संबंध नव्हता. खोदून विचारल्यावर कळलं, मामा बाजेवर पडून होते आणि बायको गरम विटेनं शेकत होती. तिकडं बाळूनं दौलताबादच्या किल्ल्याच्या अरुंद दरवाज्यात जीपचा आरसा तोडून ठेवला होता.

"मॅडम, लाथ मारली असती तर माझा आरसा वाचला असता."

माझं डोकंच फिरलं. सहा-सात वर्षं घासून शिकले, आणि आरशाचा जाब मला? पण रागातच एक गोष्ट सुचली.

"मामा, पायाळूची लाथ कच्च्या कमरेला लागू पडत नाही. कंबर आधी पिकवावी लागते."

मामा गंभीर झाले. "आंब्यावानी?"

"व्हय. व्यायामानं पिकते. माझ्या अम्मीला फोन लावून विचारा."

त्यांनी खरंच लावला. स्पीकरवर अम्मी क्षणभरही अडखळली नाही. "तर वो! कच्च्या कमरंला लाथ उलटती, भाऊ."

त्या दिवसापासून मामांइतका शिस्तीचा पेशंट मी पाहिला नाही. उताणं झोपून गुडघे छातीशी. मग गुडघे वाकवून कंबर उचलायची. रोज थोडं थोडं जास्त चालायचं. वजन उचलताना कमरेतून नाही, गुडघ्यातून बसायचं आणि ओझं अंगाशी धरायचं. मागच्या खिशातलं पाकीट काढायला लावलं. त्यात गाडीची कागदं, सगळ्या देवांचे फोटो आणि नट आवळायचा एक पाना निघाला! माणूस वर्षानुवर्षं पान्यावर तिरका बसून घाट चढत होता. सीट पुढं घ्या, कमरेमागं टॉवेलची गुंडाळी ठेवा, प्रत्येक फेरीनंतर खाली उतरून चक्कर मारा, हेही पाठ करून घेतलं.

दर खेपेला टेबलावर पडल्या पडल्या प्रश्न यायचा. "पिकली का?"

मी दाबून बघायचे. "जरा कच्ची आहे अजून."

"लवकर पिकवा हो. बाळूनं हॉर्न बिघडवलाय. खुलताबादपासून इथपर्यंत वाजतच आली गाडी. लोकांना वाटलं मंत्री आला."

शेवटी एक दिवस मामा एकटे जिना चढून आले. दारातला पाण्याचा जार गुडघ्यातून बसून व्यवस्थित उचलला आणि जागेवर ठेवला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, "पिकली, मामा. आता लाथेची गरजच नाही."

मामांचा चेहरा पडला. "मॅडम, जबान दिली व्हती."

दिली होती. अम्मी त्या दिवशी चष्मा न्यायला आलेली. ती म्हणाली, "अगे, मार दे ना. बड़ी आस से आये बेचारे."

मामा खाली सतरंजीवर पालथे झालेसुद्धा. वडिलांच्या वयाच्या माणसाला पाय लावायचा! मी चप्पल काढली, आधी कानाला हात लावून माफी मागितली आणि कमरेला अंगठा टेकवला.

"हे काय? पीस फिरवलं व्हय? जोरात!"

मी डोळे मिटले आणि घातली. त्याच वेळी दार उघडलं आणि सर आत आले. सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक, मोठे सर्जन.

"नसरीन! पेशंटला लाथ?"

मी झटकन पाय मागं घेतला. मामा ताडकन उठून बसले. "सायेब, तुमी मधी पडू नका. ट्रीटमेंट चालूय." मग फोन लावला. "बाळू, कुठंय? खालीच? उतर गाडीतनं. मी येतोय."

मी खिडकीतून बघितलं. मामांनी सीट पुढं ओढली, टॉवेल लावला. बाळूला मागच्या सीटवर बसवलं आणि क्लच अलगद सोडून जीप गल्लीतून काढली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

मागं दार लागल्याचा आवाज आला. सरांनी ते आतून लावलं होतं. आता नोकरी जाते, असं मला वाटलं.

"तू खरंच पायाळू आहेस?" सरांनी हळूच विचारलं.

"व्हय, सर."

"नाही, म्हणजे... ऑपरेशनला तासन्‌तास वाकून उभं राहावं लागतं. इथं, बघ, उजवीकडं. एक मार ना, हलकीशी."

मी दाबून बघितलं. "सर, कच्ची आहे. आधी व्यायाम."

"वेळ कुठंय गं? डायरेक्ट मार."

हे सर रोज शंभर पेशंटांना व्यायाम करा म्हणून ओरडतात. मी या धंद्यात एवढंच शिकले, की व्यायाम करून घ्यायचा असेल तर लाथ शेवटपर्यंत राखून ठेवावी. मामा खुलताबादच्या फेऱ्या मारतायत. सर अजून कच्चेच आहेत.