काम मिळालं असतं तर

अर्ध्या फुलवाती वळून झाल्या होत्या, उरलेला कापूस परातीत फुगून बसला होता, तेवढ्यात सक्करदऱ्यातल्या एका दोन खोल्यांच्या घराच्या दारात सरकारी पाहणीच्या रीना मॅडम येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. घरात कोण काम करतं, कोण नाही, हे त्या विचारत फिरत होत्या.

वाती वळणाऱ्या सत्यवतीबाई घाबरल्या. लेक सुरुची बी.कॉम. होऊन घरी. मिहानमधल्या कंपन्यांत अर्ज करकरून पोरगी थकली आणि दिवाळीपासून तिने शोधणंच सोडलं. आता सरकारदरबारी तिच्या नावापुढे 'बेकार' लागणार!

"काकू, तुम्ही काय करता?"

"मी घरीच राहते. काहीच नाही करत."

"मग हा कापूस?"

"फुलवाती आहेत. जरीपटक्याच्या पूजेच्या दुकानात देते. ते काय काम आहे?"

"विकायसाठी करता ना? मागच्या सात दिवसांत तासभर जरी केलं असलं, तरी आमच्या हिशेबी तुम्ही कामावर आहात."

सत्यवतीबाई देवघराकडे बघतच राहिल्या. बोटं वळत होती, ओठांवर नाम चालू होतं, आणि हे सगळं रोजगारात जमा?

"आई, तू तं नोकरीले लागली!" सुरुची हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"अन् स्वयंपाक, धुणंभांडी?"

"ते रोजगारात धरत नाही, काकू."

"घ्या! म्हणजे रांधता रांधता जन्म गेला, तो सुट्टीतच गेला म्हणायचा!"

मॅडमही हसल्या आणि सुरुचीकडे वळल्या. सत्यवतीबाई मध्येच म्हणाल्या, "मॅडम, पोरीले बेकार नका लिहू. गुणाची आहे."

"बेकार म्हणजे वाया गेलेलं, काकू. तसं आम्ही कोणालेच लिहीत नाही. बेरोजगार वेगळं." मग सुरुचीला विचारलं, "मागच्या सात दिवसांत काही काम केलं?"

"नाही."

"शोधलं?"

"नाही."

"मिळालं असतं तर गेली असती?"

सुरुचीने परातीतला कापूस चिमटीत घेतला. मग हळूच म्हणाली, "नाही म्हटलं तं?"

"तर बेरोजगारांतही तुझी मोजणी होत नाही. काम करणारे आणि, शोधलं नसलं तरी, काम हवं असलेले, एवढेच मोजणीच्या आत. बाकीचे बाहेर."

सत्यवतीबाई त्या टॅबकडे बघू लागल्या. कुठल्या कार्यालयात बसून कुणी हा 'मिळालं असतं तर'चा प्रश्न रचला असेल? अर्ज किती केले, नकार किती आले, ते त्याला नकोच होतं. आत इच्छा जिवंत आहे का, एवढंच तो विचारत होता. गाभाऱ्यात उभं राहिल्यावर देवाने विचारावं, तसा. लेकीला बेकार लागू नये म्हणून त्या घाबरल्या होत्या, आता बेरोजगार तरी लागावं म्हणून त्यांनी पदराआड हात जोडले.

"बोल नं वं माय," त्या पुटपुटल्या.

"गेली असती," सुरुची म्हणाली. "आज बोलावलं तं आज जाईन."

मॅडमनी टॅबवर बोट टेकवलं. झालं. सुरुची बेरोजगार ठरली, आणि तिच्या आईला वाटलं, घरात कुणाचं तरी बारसं झालं.

मॅडम शेजारच्या दाराकडे गेल्या. सुरुचीने फोन उघडला आणि जुना अर्ज शोधू लागली. "आई, यातला फोटो कॉलेजातला आहे वं. नवा लागते."

"मग ऊठ, केस विंचर."

दोघी चौकातल्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला निघाल्या.