कच्चा गुलाबी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं, असं नाही – ती मला समजून घ्यायला बसली असती. आणि तेच मला नको होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

सोलापुरातलं आमचं चित्रदालन तुम्ही पाहिलं असेल. नसेलच पाहिलं – कोण जातं तिथे? शाळेची पोरं रांगेने येतात, फरशीवर घसरगुंडी खेळतात आणि जातात. दारावर दगडी पाटी आहे, तिच्यावर गुरुपादप्पांचं नाव आहे. कापसाचे बडे व्यापारी. सगळा गाव त्यांना मालक म्हणायचा, मीही म्हणायचो. कुणालाही विचारा, दालन मालकांच्या दानावर उभं राहिलं असंच सांगेल. अर्धं खोटं आहे ते.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. गावात गिरण्या झाल्या, नाटकगृहं झाली, पण लोकांना चित्रं बघायला म्हणून एक भिंत नाही – एवढं बोलून आम्ही दोघे-तिघे मास्तर वर्गणीला निघालो. शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांची घरं पालथी घातली. कुणी एका दिवसाची मजुरी दिली. कुणी साडी विणून दिली आणि विका म्हणाला. एका विधवा म्हातारीने नवऱ्याचा बंद पडलेला माग मोडून दिला, दारं-खिडक्यांच्या चौकटींना लाकूड म्हणून. आणि जागा? जागा दिली माझ्या वडिलांनी. घरात आमची तेलुगू, वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. ते रंगारी होते, सुताला रंग द्यायचे. ओलं सूत वाळत घालायची त्यांची मोकळी जागा होती, आजोबांपासूनची. ती त्यांनी देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "चित्रं मंजे रंगच की रे. रंगाच्या जागेवर रंगच ऱ्हाऊ दे."

भिंती उभ्या राहिल्या आणि काम अडलं. छपराविना पावसाळे गेले. मग मालक पुढे आले. छप्पर, शहाबादी फरशी, मोठाल्या काचेच्या खिडक्या – सगळं त्यांनी केलं. अट एकच, दारावर त्यांचं नाव. आम्ही आनंदाने कबूल झालो. पाटीवरची अक्षरं कुणी काढून दिली माहीत आहे? मीच.

उद्घाटनाच्या दिवशी नायना नवं धोतर नेसून आले. धोतर पांढरंफेक, आणि हात कोपरापर्यंत निळे. रंगाऱ्याचे हात ते, धुऊन का जातात? मालक दारातच उभे होते, साहेबलोकांच्या स्वागताला. त्यांनी नायनांना वरून खाली पाहिलं.

"ए रंगाऱ्या, त्ये हात घिऊन आत कुटं निघालास? कालच चुना मारलाय. हितनंच बघ की, दार उघडंच हाय."

लोक हसले. मी आत हारांचं तबक घेऊन उभा होतो आणि नायनांची नजर माझ्याकडे आली. आणि मी – मीही हसलो. सांगायचंच ठरवलंय, तर हेही सांगतो. सगळे हसत होते म्हणून हसलो. नायना त्यांच्याच जागेत, दाराबाहेर, थोडा वेळ उभे राहिले आणि घरी गेले.

त्यानंतर ते तिथे कधी आले नाहीत. एकदा म्हटलं, चला, आज दालन बंद आहे, किल्ली माझ्याकडे आहे, कुणी नसेल. म्हणाले, "भिंती खराब व्हतील की." रागाने नव्हे हो, अगदी साधेपणाने म्हणाले. दालनात पाऊल न टाकताच ते वारले. त्यांना स्मशानात पोचवून आलो तेव्हा ठरवलं – मालकांना सोडायचं नाही. कसं, काय, काही ठाऊक नव्हतं. माझ्यासारखा मास्तर मालकांचं काय वाकडं करणार? पण राग मी जाऊ दिला नाही. लोणच्यासारखा मुरवला.

आणि मग मालकांची मुलगी वारली. नीलव्वा. लग्न होऊन अक्कलकोटकडे दिली होती, तापाने गेली. मुलींच्या शाळेत ती माझ्या हाताखाली चित्रं काढायला शिकली होती. पोपट छान काढायची. तिचा धड एक फोटो नव्हता – लग्नाचा होता, त्यात नेमकी ती हलली होती आणि तोंडाच्या जागी नुसता धूर. मालक माझ्याकडे आले. दालनाला तिच्या नावाने आणखी दान द्यायचं आहे, म्हणाले, नवी खोली बांधा, आणि तिथे तिचं चित्र लावा. घरात नको, तिची आई बघू शकणार नाही.

"तुमी पोरीला पायलंय, मास्तर. तुमीच काढा. दुसऱ्या कुनाला जमायचं न्हाय."

मी रंगाऱ्याचा मुलगा, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो दिवस ते साफ विसरले होते. त्याचाच मला जास्त संताप आला. निदान आठवण तरी ठेवायची!

चित्र मी काढलं. खोटं कशाला बोलू – माझ्या हातून निघालेलं ते सगळ्यांत चांगलं चित्र. नीलव्वा आता बोलेल असं. पण खालचा थर मी राखाडी दिला. आणि गालावरची लाली, ओठ, कपाळावरचं कुंकू – सगळं जिवंतपण जिथे असतं तिथे – वर एकच रंग. जर्मन डब्यातला गुलाबी. स्वस्त लुगड्यांना देतात तो. आमच्या घरात त्याला कच्चा म्हणायचे, कारण ऊन लागलं की तो टिकत नाही. पाण्यात तुरटी घालून तो तळाशी बसवला, वाळवला, जवसाच्या तेलात घोटला. हे सगळं नायनांच्याच चुलीशी बसून शिकलो होतो. आणि चित्र टांगलं पश्चिमेच्या खिडकीसमोर. मालकांनी दिलेल्या खिडकीसमोर.

मालक बघून रडले. माझे हात त्यांनी डोळ्यांना लावले.

दर सोमवारी देवळातून ते थेट दालनात यायचे. खुर्ची टाकून चित्रासमोर बसायचे, तिच्याशी कन्नडमध्ये हळू आवाजात बोलायचे. आणि मी कोपऱ्यातून बघायचो. पहिल्या उन्हाळ्यात ओठ उतरले. पुढच्या उन्हाळ्यात गाल गेले. मग कुंकू फिकं व्हायला लागलं. इतरांना दिसलं नाही का, म्हणाल? दररोज कोण बघतं? जे बघत त्यांना वाटायचं, मेलेल्या पोरीचं चित्र असंच काढत असतील.

बापाला मात्र दिसलं.

"मास्तर, पोर फिकी दिसायलीय की. माजंच डोळं गेलं का काय?"

हा प्रश्न येईल असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, देवाशपथ. मला वाटलं होतं ते माझ्यावर ओरडतील, चित्र फेकून देतील, पोर दुसऱ्यांदा गेली म्हणून ऊर बडवतील. आणि मग मी सांगणार होतो – का ते. ते वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. पण त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांना दोष दिला. एवढा विश्वास होता माझ्यावर. आणि मी म्हणालो, "वय झालं, मालक. होतं असं."

ते सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. ते परत माझ्याकडेच आले. "डाक्टर म्हनतोय डोळं चांगलं हायेत. मग चित्रात कायतरी झालंय का? तुमी सांगा. रंगातलं तुमास्नी कळतं."

अजून वेळ होती. तुम्ही असता तर काय केलं असतं? नका सांगू. मी चित्राजवळ गेलो, चष्मा लावून ते निरखल्यासारखं केलं, आणि म्हणालो, "चित्र तसंच आहे, मालक. लाली जशीच्या तशी आहे."

संक्रांतीच्या जत्रेत, आमच्या गड्ड्यात, डोळ्यांवर इलाज करणारे वैदू बसतात, सुईने मोतीबिंदू सारतात. मालक त्यांच्याकडे गेले. घरचे नको म्हणत होते. मास्तरानं सांगितलंय, म्हणाले. चांगल्या डोळ्यांत सुई गेली. आधी एका, मग तो पिकल्यावर धास्तीने दुसऱ्या. पाडव्याच्या आत माणूस ठार आंधळा झाला.

तरी सोमवार चुकला नाही. नोकर दारापर्यंत आणायचा, तिथून पुढे माझ्या खांद्यावर हात. "आज कशी दिसती?" विचारायचे. मी सांगायचो. ओठ असे, गाल असे, कपाळावर कुंकू रुपयाएवढं. एकदा म्हणाले, "बोट लावू का? चालंल का?" मी त्यांचं बोट धरून कपाळावर टेकवलं. तिथे नुसती राख होती. त्यांनी तिथून बोट फिरवलं, परत फिरवलं. मग माझ्याकडे वळून हात जोडले. माझ्याकडे म्हणजे – मी होतो त्याच्या जरा डावीकडे.

तेव्हा मला पस्तावा झाला असेल, असं तुम्हाला वाटतंय. नाही. बरं वाटलं. अंगात गार वारा शिरावा तसं बरं वाटलं. घरी येऊन पोटभर जेवलो. आणि नायनांचं नाव त्यांना तेव्हाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सोमवार बंद झाले असते, आणि ते सोमवार मला हवे होते. पक्का लाल माझ्या पेटीत होता. चेहरा परत रंगवायचा, एका दुपारचं काम. पेटी उघडली नाही.

मालक गेल्या श्रावणात वारले. त्यांनी नायनांचं काय केलं आणि मी त्यांचं काय केलं, तो हिशेब मला मान्य आहे. आजही त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. पण एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला गाठलंच नसतं.

महिना-दीड महिन्याने मालकीणबाई आल्या. दालनात पहिल्यांदाच. नोकराला बाहेर ठेवून एकट्या आत आल्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. इतकी वर्षं त्यांचा धीर झाला नव्हता. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, मग इकडेतिकडे बघायला लागल्या.

"मास्तर, आमची नीलव्वा कुटली वो?"

मी चित्राकडे बोट केलं.

त्यांनी बघितलं. जवळ जाऊन बघितलं. हनुवटीपासून कपाळापर्यंत, सावकाश.

"ही न्हवं," त्या म्हणाल्या. "आमची पोर लई तजेलदार हुती. दुसरी दावा."

दुसरी नव्हती.