मुकादमांच्या हिरव्या रंगाची फटफटी

दाभोळच्या खाडीकाठी मुकादमांच्या घरात एक रीत होती. जुनी होडी विकत घेतली की आधी तिला घरचा रंग द्यायचा, मगच तिच्यात पाय ठेवायचा. दुसऱ्याच्या रंगाची होडी दर्यावर नेणं म्हणजे दुसऱ्याचा सदरा घालून स्वतःच्या लग्नाला जाणं, असं जलालचे अब्बा म्हणत. मुकादमांचा रंग हिरवा, अगदी कच्च्या कैरीसारखा, आणि वर पांढरा पट्टा.

जलाल नऊ वर्षांचा असल्यापासून ब्रश हातात धरून होता. पुढे अरबांच्या मुलखात, अल-खोबरला आला, एका कंपनीत रंगारी म्हणून लागला, अठरा वर्षं झाली. पण हात काही स्वस्थ बसेना. घरातला फ्रिज हिरवा झाला. गॅसची टाकी हिरवी झाली. एकदा खतीजा माहेरी जाऊन आली तर तिची शिलाई मशीन हिरवी! ती म्हणाली, "मी अजून चार दिवस राहिले असते तर मलापण रंगवलं असतं यांनी."

तर अशा या माणसाने मोटरसायकल घ्यायची ठरवली.

गाडी उमाकांत निंबाळकरांची. हे फलटणचे, इथल्या एका इस्पितळात औषधं देण्याच्या खिडकीवर बावीस वर्षं बसलेले. आता कायमचे घरी निघाले होते. मुलीचं, क्षमाचं, लग्न पुढच्या रविवारी. विमान त्याआधीच्या बुधवारी. पण इथला कायदा असा, की तुमच्या नावावर गाडी असेल तर कायमचं देश सोडायचा शिक्का मिळत नाही. आधी गाडी दुसऱ्याच्या नावावर, मग तुम्ही मोकळे. आणि नाव बदलायला गाडीची तपासणी पास हवी.

"सोपं आहे, भाऊ," जलाल म्हणाला. "परवाना माझ्याजवळ आहे, इथे राहण्याचा इकामा आहे, विमा काढलाय. या रविवारी सकाळी तपासणी, दुपारी मोबाईलवर नाव बदलायचं, तुम्ही बटण दाबा, मी दाबतो. खलास."

गाडी महिनाभर आधीच जलालच्या इमारतीखाली येऊन उभी होती. इतका वेळ मुकादमांचा माणूस काय नुसता बघत बसणार? होडीचाच रंग त्याने जेद्दाच्या बंदरावरच्या ओळखीच्या माणसाकडून मागवला. तीन हात दिले. मधे मधे घासलं. टाकीवर पांढरा पट्टा. गाडी अशी झळकायला लागली की आलिमा, त्याची लेक, गॅलरीतून ओरडली, "अब्बा, इट्स ग्लोइंग!"

रविवारी तपासणी केंद्रावर ब्रेक पास, दिवे पास, धूर पास. मग तपासणाऱ्याने इस्तिमारा, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, डोळ्यांजवळ धरलं. मग गाडीकडे बघितलं. पुन्हा कार्डाकडे.

"इथे लिहिलंय काळी."

जलालने गाडीकडे असं बघितलं, जणू तीच काही उत्तर देईल.

"ही काळी आहे?"

"होती," जलाल म्हणाला.

नापास. मंगळवारी सकाळची दुसरी वेळ मिळाली, आणि तीच शेवटची.

इमारतीखाली परत आल्यावर उमाकांतराव फूटपाथवरच बसले. "जलालमियाँ, बावीस वर्षं मी हजारो चिठ्ठ्यांवरची औषधं दिली. एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. आणि माझ्या मुलीच्या लग्नाला मी कशामुळे अडकणार, तर कैरीच्या रंगामुळे!"

जलालला ते लागलं. अठरा वर्षांत त्याला कोणी रंगाबद्दल बोललं नव्हतं.

"भाऊ, मंगळवारी ती काळी असेल. मुकादमाचा शब्द."

"फवाऱ्याचा डबा आण, अर्ध्या तासात वाळतो," उमाकांतराव म्हणाले.

"तो काय रंग आहे? तो तर अत्तर!" जलाल उखडला. आणि इथेच त्याने घोळ केला. ब्रशने दाट, तेलाचा काळा दिला, कारण त्याला तोच ठाऊक. आणि द्यायच्या आधी जो कागद घासायचा, खालचा रंग खरवडायचा, तो त्याने घासलाच नाही. हातात कागद घेतला, दोनदा खाली ठेवला. खतीजा बघत होती. "घासा की!" "घासतो, घासतो." नाही घासला. आपल्या हातचा हिरवा खरवडायला जीव होईना.

खोबरची हवा समुद्राची, दमट. मंगळवारी सकाळी बोट लावून बघितलं तर रंग अजून चिकट. पण वेळ तर गाठायची! जलालने गाडी काढली, मागे उमाकांतराव, मांडीवर कागदांची फाईल. आणि अर्ध्या वाटेवर सुटला वारा. असा वारा की रस्त्यावरची वाळू उठून उभी राहिली. दोघांनी डोळे मिटले, गाडीने मिटले नाहीत. केंद्रावर पोचले तेव्हा ओल्या काळ्या रंगावर एवढी बारीक वाळू बसली होती की फटफटी उंटाच्या रंगाची झाली होती.

तोच तपासणारा बाहेर आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग आत गेला आणि आपल्या वरच्या माणसाला घेऊन आला. पांढरी दाढी, शांत चेहरा, सगळे त्याला अबू नासिर म्हणत. त्याने टाकीवर बोट टेकवलं. बोट काळं झालं.

"परवा हिरवी. कार्डावर काळी. आज ही..." त्याने काळं झालेलं बोट वर धरलं. "या सदीक, अरे दोस्ता, तुला नक्की कोणती हवी?"

उमाकांतरावांनी हात जोडले. मोडक्यातोडक्या अरबीत, अधूनमधून हिंदी घालून, सगळं सांगितलं: मुलगी, लग्न, बुधवार. जलाल खाली मान घालून उभा.

अबू नासिर ऐकून म्हणाला, "पण तुम्ही गाडी का रंगवत बसलात? कार्ड का नाही बदललं? मालक इथे उभा आहे. मालकाने रंगबदलाचा अर्ज त्या खिडकीवर द्यायचा. विचारलंत का कोणाला?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खरंच की! विचारलंच नव्हतं. होडीच्या बाबतीत कोणाला विचारायचं असतं का कधी?

"लिहा अर्ज. पण कार्डावर मी कोणता रंग लिहू? मला दिसला पाहिजे."

जलालने खिशातून चिंधी काढली. रंगाऱ्याच्या खिशात चिंधी आणि रॉकेलची बाटली नेहमी असतेच. चिंधी भिजवली आणि टाकीवरून एकदा, फक्त एकदा, ओढली. वाळू आणि काळा रंग चिखलासारखा निघून आला, आणि खाली तो हिरवा, पांढऱ्या पट्ट्यासकट, जसाच्या तसा. समुद्राच्या मिठाला न हटणारा रंग तो; रॉकेलच्या एका हाताला थोडाच हटणार?

अबू नासिर वाकला. नखाने खरवडून बघितलं. काही निघालं नाही.

"हा होडीचा रंग आहे."

"होय. अब्बांचा."

"माझे आजोबा दरीनच्या किनाऱ्याला मासे धरायचे," तो म्हणाला आणि मागे वळून ओरडला, "याला आणखी दोन चिंध्या द्या! यल्ला, चला!"

मग काय, तपासणारे, ड्रायव्हर, रांगेतला एक केरळी, सगळे पुसायला लागले. उमाकांतराव मडगार्ड पुसताना हसत होते आणि नाक ओढत होते. तासाभरात नवं कार्ड निघालं, रंगाच्या रकान्यात हिरवा, आणि तपासणीही पास. दुपारी दोघांनी मोबाईलवर बटणं दाबली. उमाकांतरावांचा शिक्का त्याच संध्याकाळी आला.

केंद्रावरून घरी परतताना उमाकांतराव आपल्या करड्या पँटमध्ये मागे बसले होते. सीटच्या कडेला थोडा काळा राहून गेला होता, कोणाच्या लक्षात आला नाही.

लग्नाच्या रविवारी फलटणहून व्हिडिओ कॉल आला. मांडवात उमाकांतराव, डोक्यावर फेटा, शेजारी क्षमा. "जलालमियाँ, हे बघ!" असं म्हणून ते वळले. नव्याकोऱ्या लेंग्याऐवजी तीच करडी पँट, आणि तिच्या मागे भला मोठा काळा डाग.

"अवो भाऊ, लग्नात हे कशाला?" खतीजा ओरडली.

"वहिनी, तुम्हाला दाखवायलाच घातली, नाही निघत! हिरव्याचं समजलं, पण याचा हा काळासुद्धा निघत नाही!"

क्षमा हसून वाकली होती. जलालने मोबाईल खिडकीकडे फिरवला. खाली उन्हात फटफटी उभी होती, कैरीसारखी.