मागच्या पानावरची ओळ

रोहन, मीरा — आजीला स्पॅनिश येत होतं हे खरं का, असं तुम्ही पत्रात विचारलंत. महाडात बसून आजीने स्पेनच्या सरकारी रोख्याचं इंग्रजी केलं, ही गोष्ट तुमच्या बाबांनी मोठ्या कौतुकाने सांगितली असणार. ती माझ्यामागे तशीच चालत राहू नये, म्हणून आज लिहिते आहे. पुढचं मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही.

मला स्पॅनिश येत नव्हतं. कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच होतं, एवढंच.

कापडं गावची यशोदा आमच्याकडे आली, तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिचा नवरा बोटीवर खलाशी, तिकडेच वारला. त्याच्या पेटीत हा रोखा निघाला. मुंबईच्या बँकेला त्याचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. माझे सासरे वकील — मामंजी म्हणायचे मी त्यांना. ते चार पक्षकारांसमोर म्हणाले, "आमची सूनबाई करील की." नाही म्हणायला मला काय झालं होतं? पण नाही म्हटलं नाही.

मैत्रिणीकडून एक लहान कोश मागवला. प्रत्येक शब्दाची वेगळी चिठ्ठी केली. 'देउदा' म्हणजे सरकारने घेतलेलं कर्ज, 'वेन्सिमिएन्तो' म्हणजे मुदत भरणं. दर्शनी पान नीट उतरलं, हे आजही म्हणेन. मागच्या पानावर, तळाशी, बारीक टायपात एक ओळ होती. तिच्यातले दोन शब्द कोशात सापडेनात. मी ती ओळ सोडली — आणि खाली टाईप केलं, 'संपूर्ण व अचूक भाषांतर'. सही केली.

यशोदा दिराच्या मागच्या पडवीत राहायची. पैसे हाती आले की दीर काढून घेणार, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून आधी नवऱ्याच्या वाटणीची जागा नावावर करून घ्यायची, मग पैसे आणून स्वतःचं घर बांधायचं, असा तिचा बेत. रोख्याची मुदत तर भरलेलीच होती. मला म्हणाली, "तवर ऱ्हाऊ दे ना वैनी? सरकारकडं हाय, कुठं जातंय." मी म्हटलं, राहू दे.

इथवर अज्ञान म्हणता येईल. पण —

वर्षभराने त्याच मैत्रिणीने व्यापारी शब्दांचा मोठा कोश पाठवला. त्या ओळीचा अर्थ लागला. मुदत भरल्यापासून पाच वर्षांत रक्कम मागितली नाही, तर हक्क संपतो. मी बोटांवर मोजलं. सात महिने उरले होते.

महाडहून कापडं असं किती लांब? पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढे चालत. मी गेले का? नाही. निरोप? तोही नाही. ओळ सोडली हे सांगावं लागलं असतं — त्या सहीसकट, मामंजींसमोर. रोज ठरवायची, उद्या. त्या महिन्यांत यशोदा दोनदा आली. एकदा वालाच्या शेंगा घेऊन. मी चहा केला, दीर काय म्हणतो ते विचारलं, आणि तिला एस.टी.च्या वेळेला सोडलं. दुसऱ्या खेपेला मला माडीवरून ती येताना दिसली. मी खाली सांगून ठेवलं, डोकं दुखतंय.

जागा नावावर झाली तशी ती बँकेत गेली. उत्तर आलं, हक्क संपला. ती आमच्या ओटीवर येऊन बसली. मला वाटलं, आता विचारील. तर म्हणाली, "त्या सरकारला शिव्या तरी कुठल्या भाषेत घालू गो वैनी? तुमीच शिकवा." आणि हसली. मामंजी म्हणाले, परकी सरकारं अशीच. मी मान हलवली.

भीती होती, वय लहान होतं — काही लिहिणार नाही. मला कळलं होतं, आणि मी मान हलवली.

यशोदा त्याच पडवीत वारली. कापड्यात तिच्या नावाच्या जागेवर एक जोतं आहे. त्याचे दगड तिने स्वतः डोक्यावरून वाहिले होते. त्यावर घर नाही.