सुखरूपचे दोन ठोके

खाणीतली माणसं तिला ठोकेवाली म्हणायची. नवरा ‘अगं’ म्हणायचा आणि धाकटी जाऊ, बोलणं चालू असेल तेव्हा, ‘जाऊबाई’. सध्या बोलणं बंद होतं.

खाण तरंग्याची. तरंगा म्हणजे हातातून सुटला की खाली न पडता वर जाऊन छताला चिकटणारा दगड. आभाळातून जाणाऱ्या गलबतांच्या पोटात तो भरतात म्हणे. गलबतं कुठं जातात हे इथं कुणी विचारत नसे. यांचा संबंध गाड्यांशी. गाडीचं झाकण उघडं राहिलं की दिवसभराची मेहनत छताला, आणि मग आकड्या घेऊन ओढत बसा. माणसांचा पिंजराही तरंग्यावरच चाले. भरलेली गाडी आत ढकलली की पिंजरा आपोआप वर, आणि खाली जायचं तर त्यात पाण्याची पिंपं ठेवायची. फुकटचा कारभार. पण फुकट काहीच नसतं. डोंगराला आतून तोलून धरलं होतं ते याच दगडानं. तो जितका काढावा तितका डोंगर जड होत होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि जेवताना कुणी बोलत नसे.

ठोकेवालीचं काम वरच्या बोगद्यात. तिथला माल केव्हाच संपला होता, उरले होते नुसते लाकडी टेकू. रोज सकाळी हातोडी घेऊन ती एकेक टेकू वाजवत जाई. टणक वाजला तर छताचं ओझं त्याच्यावर आहे. बद्द वाजला तर तो सुटा. सुटा टेकू शुभ मानायची रीत होती: छतात उरलेला तरंगा आपलं ओझं आपणच पेलतोय, डोंगर खुशीत आहे. मग तो काढून खालच्या बोगद्यात पाठवायचा, कारण लाकडाची कायमची ओढाताण. खाली उतरायच्या शिड्यासुद्धा मोडून टेकूंच्या कामी लावल्या होत्या.

फेरी संपली की शेवटच्या टेकूवर दोन ठोके. त्याच्या बरोबर खाली खालच्या बोगद्याचा टेकू उभा होता, आणि त्याला कान लावून धाकटी जाऊ बसलेली असे. दोन ठोके म्हणजे सुखरूप, कामाला लागा. ती उलट दोन ठोके देई, ते वर ऐकू येत. त्याआधी खाली कुदळ उचलायची नाही. आणि धोका असेल तर वरून ठोकतच राहायचं, थांबायचं नाही. मग खालच्यांनी हत्यारं टाकून पिंजऱ्याकडे पळायचं. त्यासाठी भरलेली एक गाडी कायम पिंजऱ्याशी उभी असे.

भांडण झालं ते क्षुल्लक. भांड्याला भांडं लागायचंच. जेवताना धाकटी म्हणाली, की काही जणांना नुसतं लाकूड बडवून पोट भरता येतं, आमच्यासारखं वाकावं लागत नाही. ठोकेवालीनं ताट सरकवलं. दोघींच्या नाकावर राग, आणि दोघी आपापल्या नवऱ्यांपेक्षा एकमेकींना जास्त धरून. म्हणूनच अबोला लांबला. एकाच चुलीवर दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहत. थोरल्या भावाला, म्हणजे ठोकेवालीच्या नवऱ्याला, याचा पत्ताच नव्हता. त्याचे कान कुदळींच्या आवाजानं गेले होते, आणि बायकोचं ऐकू येत नाही याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं.

अबोल्याच्या दुसऱ्या दिवसापासून खालून उलटे ठोके येईनात. ठोकेवालीला राग आला. माझ्याशी बोलू नको, पण कामातही रुसायचं? तिनंही मनात म्हटलं, राहिलं. आपले दोन ठोके दिले आणि घर गाठलं. त्याच दिवसांत वरच्या बोगद्यात सुटे टेकू वाढत चालले होते. डोंगर इतका खुशीत कधीच नव्हता. मुकादम तिला हसून म्हणाला होता, की असंच चाललं तर तुला काम उरणार नाही.

त्या सकाळी शेवटचे टेकूही बद्द वाजले. तिनं दोन ठोके दिले, थोडं थांबली, उत्तर नाही. ती तणतणत घरी आली, तर धाकटी चुलीपाशी बसलेली, हाताला फडकं गुंडाळलेलं. गाडीच्या झाकणात बोटं चेमटली होती म्हणून आज खाडा.

ठोकेवाली दारातच थांबली. राग क्षणभर विसरून तिनं विचारलं,

“मग आज खाली कान कुणी लावलाय?”

“ह्यांनी,” धाकटी चुलीकडे बघत म्हणाली.

धाकटा दीर. शिस्तीचा माणूस, वहिनीला रोज वाकून बोलणारा. तो का रुसेल? त्यानं उत्तर का दिलं नाही?

“अगं, तू इतके दिवस उलट ठोके का देत नव्हतीस?”

धाकटी आता वळली. तिचे डोळे भरले होते. “तुम्ही ठोकलेत कधी? मी रोज कान लावून बसले. म्हटलं, रागावल्यात माझ्यावर. तुमची चहाडी कशाला करायची, म्हणून गड्यांना सांगत राहिले की ऐकू आले, करा सुरू.”

“मी रोज ठोकलं.”

मग धाकटीनं उरलेलंही सांगितलं. खाली ताठ उभं राहता येत नाही आता, छत डोक्याला लागतं. टेकूंची डोकी चेचली आहेत. तिला वाटलं होतं, जाऊबाई मुद्दाम कुजकं लाकूड पाठवतात.

ठोकेवालीच्या आता ध्यानात आलं. त्यांचं छत म्हणजे हिच्या पायाखालची जमीन. टेकू सुटले ते छत हलकं झालं म्हणून नव्हे. जमीन खाली चालली होती. आणि वर-खाली दोन्हीकडे घट्ट न टेकलेल्या लाकडातून आवाज कुठून जाणार?

दोघी धावल्या. पिंजरा तळाशीच होता. खालून कुणी भरलेली गाडी आत ढकलल्याशिवाय तो वर येणार कशाच्या जोरावर? शिड्या नव्हत्या, आणि हाक तळापर्यंत पोचत नव्हती. पण दीर खाली ठोक्यांची वाट बघत बसला असणार, आणि ठोके ऐकल्याशिवाय तो कुणाला कुदळ उचलू देणार नाही. थोरलाही त्याच्याशेजारीच असेल. एवढाच आधार होता. कुदळ पडत नव्हती तोवर डोंगर थांबेल, असं धाकटी पळता पळता पुन्हा पुन्हा म्हणत होती.

वरच्या बोगद्यातल्या शेवटच्या टेकूच्या डोक्यावर बोट जाईल एवढी फट होती. ठोकेवालीनं पाचर घातली आणि सगळा जोर लावून ठोकली. दुसरी घातली. टेकू ताठला. धाकटीनं चांगल्या हातानं तो कवटाळून धरला.

“हाणा, जाऊबाई. थांबू नका.”

पहिला ठोका टणक वाजला. दुसराही. तिसऱ्याला हातोडी उचलली तेवढ्यात पायाखालची जमीन किंचित, पायरी चुकल्यासारखी, खाली गेली. पाचरी निसटून पडल्या. तिसरा ठोका बद्द वाजला. चौथाही. ठोकेवाली पाचर चाचपत, घालत, रडत ठोकत राहिली, पण फट आता तळहाताएवढी झाली होती आणि तेवढी जाड पाचर तिच्याकडे नव्हती.

धाकटीनं तिचा हात धरला आणि गप्प राहायची खूण केली. दोघी गुडघ्यांवर बसल्या, जमिनीला कान लावून.

दीर शिस्तीचा माणूस होता. त्यानं दोन ठोके ऐकले होते, मोजून दोन. खालून कुदळींचा आवाज सुरू झाला.