बारा बांध्यांचे ठिपके

चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाला पुसायचा आणि म्हणायचं, "चूक आपलीच असन, वैनी. पाहू." कॉम्प्युटरवर लाल अक्षरं आली की शेजारचे गुरुजी हेच करत. लाल अक्षरं रोज येत. पुसून पुसून सदऱ्याचं टोक विरलं.

रिटायर झालेले मास्तर तुम्हीही पाहिले असतील. ओट्यावर बसतात, पेपर वाचतात. ह्यांनी वेगळंच काढलं. माझ्या सासूच्या बियाण्याच्या ढोलीतलं जुनं धान, कमी पाण्यात येणारा भात, गावात फक्त माझ्याकडे आणि गुरुजींकडे उरलं होतं. ते सरकारी बियाण्यांच्या यादीत गेलं तर टिकणार, नाही तर आमच्याबरोबर संपणार. म्हणून गुरुजींनी आपल्या शेतातल्या सहा बांध्यांत, म्हणजे खाचरांत, ते लावलं आणि शेजारच्या सहांत दुकानातलं. शेतकी कचेरीतले साहेब म्हणाले, जुनं जास्त पिकतं हे तुमचं म्हणणं झालं, आकड्यांनी सिद्ध करून आणा.

त्यासाठी आर नावाची कॉम्प्युटरची भाषा लागते म्हणे. मुलीने नागपूरहून जुना लॅपटॉप दिला. गुरुजी मोबाईलवर बघून वहीत एकेक ओळ उतरवत, बाराखडी गिरवावी तशी.

"कायले डोळे फोडून राहिले, गुरुजी? पेन्शन खा अन् गप बसा."

"एक स्वल्पविराम राहिला होता, वैनी. दोन दिवस गेले त्याच्यात."

"तुम्ही पोरांले त्याच्याचसाठी मारत होते."

"हो ना. आता मीच मार खाऊन राहिलो."

कापणी आणि वजन माझ्याकडे होतं. मी चौथी शिकलेली, काटा वाचता येतो. मळणीच्या दिवशी आभाळ भरून आलं आणि घाईत जुन्या धानाच्या तीन बांध्यांची रास एकच झाली, न मोजताच घरात गेली. गुरुजींनी वजनांसाठी आखून दिलेल्या वहीत तीन चौकोन रिकामे राहिले. शाळेत रिकामी जागा सोडली की छडी बसायची. मी तिन्ही चौकोनांत बत्तीस किलो लिहिलं. हात सैल सोडून लिहिलं, हेही सांगते. सासूचं धान होतं.

पुढे एका दुपारी पडद्यावर बारा ठिपके उमटले. नऊ कुठेही विखुरलेले, तीन मात्र सगळ्यांच्या वर, एका रेघेत. लाल अक्षरं नव्हती, तरी गुरुजींनी चष्मा काढला.

"वैनी, हे तीन मोजले होते का?"

"नाही. अंदाज आहे. चाळीस वर्षं धान उचलून राहिली मी."

"अंदाज बरोबरही असन. पण ते वजन नाही."

त्यांनी तिन्ही आकडे पुसले आणि तिथे दोन इंग्रजी अक्षरं टाकली, एन आणि ए. माहीत नाही असं कबूल करायची ती खूण. मग सरासरीच्या जागीही तीच अक्षरं आली. रिकामे चौकोन सोडून बाकीचं मोज, हे त्या यंत्राला सांगायला शिकण्यात आणखी चार दिवस गेले. उत्तर आलं, तेव्हा जुनं धान जास्त पिकतं असं म्हणता येत नव्हतं.

"अन् माझे आकडे ठेवले असते तर?"

"तर पास झालो असतो."

"मंग ठेवायचे होते. त्या मशीनले का समजते?"

"मशीनले नाही समजत. चूक आपलीच, वैनी. रिकामं ठेवलं तरी चालते, हे मीच तुम्हाले सांगितलं नव्हतं."

कागद तसाच गेला. कचेरीतून उत्तर आलं, आणखी एका हंगामाचे आकडे आणा. गुरुजींनी पुन्हा बारा बांध्या लावल्या. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या आधीच, सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या गेले. मुलगी आली, लॅपटॉप घेऊन गेली. वही तिने मागितली नाही.

धान मीच कापलं. गुडघे दुखतात, तरी प्रत्येक बांधीची रास वेगळी केली, वेगळी मोजली. अकरा चौकोन भरले. बारावी बांधी जुन्या धानाची होती, ती रानडुकरांनी खाल्ली. तिथे काय आलं असतं, ते मला डोळे मिटून सांगता येतं.

पेन घेतलं. मग बाराव्या चौकोनात ती दोन अक्षरं काढली. दुसरं जरा वाकडं आलं.